अर्ज भरपूर, पण हवा तो उमेदवार का मिळत नाही?

प्रश्न : माझी औद्योगिक यंत्रांचे सुटे भाग पुरवणारी लहान कंपनी आहे. मी, माझे भागीदार आणि कर्मचारी धरून आम्ही अठरा जण आहोत. ग्राहकांच्या ऑर्डर नोंदवून घेणे, गोदामातून माल वेळेवर बाहेर काढणे आणि तो पोहोचेपर्यंत पाठपुरावा करणे, या कामासाठी आम्ही वर्षभरात तीनदा जाहिरात दिली. प्रत्येक वेळी अर्जांचा ढीग पडला, पण त्यातले बहुतेक अर्ज बाजूला ठेवावे लागले. ज्या दोघांना घेतले, त्यांपैकी एक जण दोन महिन्यांत आणि दुसरी व्यक्ती चार महिन्यांत सोडून गेली. 'काम असे असेल असे वाटले नव्हते,' असे दोघांनीही जाताना सांगितले. जाहिरात सोबत पाठवत आहे. चूक जाहिरातीत आहे की हल्लीच्या उमेदवारांमध्ये? जाहिरातीत पगार लिहावा का? माझे भागीदार त्याला तयार नाहीत. चौथ्यांदा जाहिरात द्यायची तर ती कशी लिहावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य सोडून गेलेल्या त्या दोघांचे आहे. काही महिन्यांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या व्यक्ती जेव्हा एकच गोष्ट सांगतात, तेव्हा दोष त्यांच्या चिकाटीत शोधण्यापेक्षा, त्यांच्या मनात कामाविषयी जी कल्पना तयार झाली ती कशामुळे झाली, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. ती कल्पना तयार व्हायला सुरुवात तुमच्या जाहिरातीपासून झाली होती. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टच देते. चूक जाहिरातीत आहे, आणि खरे तर ती जाहिरातीच्याही आधी झाली आहे. हे काम नेमके काय आहे ते कागदावर न उतरवताच जाहिरात लिहायला घेतली गेली.

इतर वाचकांसाठी तुमची जाहिरात इथे देते : 'सुवर्णसंधी! झपाट्याने प्रगती करणाऱ्या नामांकित कंपनीत ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह त्वरित पाहिजे. कोणत्याही शाखेचा पदवीधर. ३ ते ५ वर्षांचा अनुभव आवश्यक. वय ३५ पर्यंत. उत्कृष्ट संवादकौशल्य, संगणकाचे ज्ञान, दबावाखाली काम करण्याची तयारी. मेहनती, प्रामाणिक आणि वेळेचे बंधन न पाळणारा उमेदवार हवा. पगार योग्यतेनुसार.'

आता ही जाहिरात उमेदवाराच्या बाजूने वाचा. ज्याने दुसऱ्या एखाद्या कंपनीत चार वर्षे डिस्पॅच, म्हणजे माल बाहेर पाठवण्याचे काम, सांभाळला आहे, ट्रान्सपोर्टरशी रोज बोलणी केली आहेत, चलनावरचा (मालासोबत जाणाऱ्या कागदावरचा) नग आणि गाडीत चढलेला नग जुळतो की नाही हे पाहायची ज्याला सवय आहे, त्याला या मजकुरात आपले काम कुठेही दिसत नाही. तो पुढच्या जाहिरातीकडे वळतो. उलट नुकतीच पदवी घेतलेल्या, नोकरीच्या शोधात रोज अनेक ठिकाणी अर्ज करणाऱ्या तरुणाला यात आपल्याला अडवणारे असे काहीच आढळत नाही. अनुभवाची अट तो मनावर घेत नाही, कारण असली अट सगळीकडेच लिहिलेली असते आणि ती कितपत गंभीरपणे लिहिली आहे हे कळायला मार्ग नसतो. तो बटण दाबून अर्ज पाठवतो. हाच मजकूर विमा कार्यालयाला, शिकवणी वर्गाला किंवा रुग्णालयाच्या स्वागतकक्षालाही चालला असता. मग सगळ्या प्रकारचे अर्ज तुमच्याकडे आले तर त्याचा राग अर्जदारांवर काढता येत नाही.

जाहिरातीचे यश अर्जांच्या संख्येवर मोजायची सवय इथे आड येते. ज्याला हे काम जमेल आणि रुचेल त्याला 'हे माझ्यासाठी आहे' असे वाटावे, आणि ज्याला ते जमणार नाही किंवा नकोसे होईल त्याने अपमान न वाटता, वेळ न घालवता आपणहून बाजूला व्हावे, ही दोन्ही कामे चांगली जाहिरात करते. बहुतेक मालक पहिल्या कामाचा विचार करतात आणि दुसऱ्याला घाबरतात. माझ्या मते लहान कंपनीसाठी दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे, कारण तुमच्याकडे अर्ज चाळायला वेगळा विभाग नाही. प्रत्येक चुकीचा अर्ज तुमचाच वेळ खातो, आणि प्रत्येक चुकीची नेमणूक एका माणसाच्या आयुष्यातले काही महिने खाते.

म्हणून चौथी जाहिरात लिहिण्याआधी एक संध्याकाळ राखून ठेवा. सध्या हे काम कोण करते आहे? बहुधा तुम्ही स्वतः आणि गोदाम सांभाळणारे सहकारी मिळून निभावत असाल. दोघे बसा आणि 'आपल्याला कसा माणूस हवा' हा प्रश्न पूर्णपणे बाजूला ठेवा, कारण त्याचे उत्तर नेहमीच मेहनती, प्रामाणिक, हुशार असे येते. त्याऐवजी असे विचारा, की गेल्या महिन्यात हे काम कधी फार चांगले झाले, कधी फार बिघडले, आणि त्या वेळी कोणी नेमके काय केले किंवा करायचे राहिले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली ही पद्धत सविस्तर मांडली. कामाचा अभ्यास करणारे लोक ती आजही वापरतात, कारण गुणांच्या याद्या कोणीही तयार करू शकतो, पण घडलेला प्रसंग आठवताना काम खरोखर कशाच्या जोरावर चालते ते आपोआप समोर येते.

तुमच्या धंद्यातला असा एखादा प्रसंग मी कल्पनेने मांडते. तपशील तुम्ही दुरुस्त करून घ्या. दुपारचे चार वाजले आहेत. एका कारखान्याचे यंत्र बंद पडले आहे आणि त्यांना चार बेअरिंग आजच्या गाडीने हवी आहेत. स्टॉकच्या नोंदीत चार दिसतात. गोदामातून फोन येतो, की रॅकवर तीनच आहेत. ट्रान्सपोर्टरची गाडी साडेपाचला सुटते. या दीड तासात चांगला समन्वयक काय करतो? चौथे बेअरिंग दुसऱ्या ऑर्डरसाठी बाजूला काढून ठेवलेले तर नाही, हे तो आधी तपासतो. ते नसेलच तर ग्राहकाचा फोन येण्याची वाट न पाहता स्वतः फोन करून तीन आज आणि एक उद्या चालेल का, असे विचारतो. मिळालेले उत्तर लेखी कळवतो, चलनावर तीनचाच आकडा घालतो, आणि संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी नोंद व रॅक यांत फरक का पडला याचा माग काढतो. दुसरा एखादा उमेदवार बोलण्यात याच्यापेक्षा सरस असेल, पण तो 'माल निघाला आहे' असे सांगून वेळ मारून नेईल आणि दुसऱ्या दिवशी तो फोन तुम्हाला घ्यावा लागेल.

तुमच्या जाहिरातीतली 'उत्कृष्ट संवादकौशल्य' आणि 'दबावाखाली काम करण्याची तयारी' ही शब्दयोजना याच प्रसंगाबद्दल काही सांगू पाहत होती, पण ती उमेदवारापर्यंत पोहोचली नाही. 'माल उशिरा जाणार असेल तर ग्राहकाने विचारण्याआधी त्याला फोन करून तसे सांगावे लागते' हे वाक्य पोहोचते. ते वाचून एखाद्याच्या पोटात गोळा येईल आणि दुसरा म्हणेल, हे तर मी रोज करतो. तुम्हाला हा दुसरा हवा आहे.

या अभ्यासात सोडून गेलेल्या दोघांनाही सामील करून घेता आले तर जरूर घ्या. पूर्वीच्या सहकाऱ्याला फोन करून 'आम्ही कुठे कमी पडलो' असे विचारणे अवघड वाटते, हे मला मान्य आहे. पण सूर तक्रारीचा किंवा मनधरणीचा न ठेवता, 'पुढच्या व्यक्तीला आम्ही आधीच काय सांगायला हवे' एवढाच प्रश्न विचारला, तर बहुतेक लोक मनापासून उत्तर देतात, आणि त्या उत्तरातली दोन-तीन वाक्ये जवळजवळ जशीच्या तशी जाहिरातीत घालण्याजोगी असतात.

आता अटींकडे वळू. पदवी या कामाला खरोखर लागते का? तुम्ही आणि तुमचे गोदामातले सहकारी मिळून पदवीतले कोणते ज्ञान रोज वापरता, याचे प्रामाणिक उत्तर द्या. ते सापडले नाही तर ती अट काढून टाका. अनुभवाच्या वर्षांबद्दल तर मी अधिक आग्रही आहे. २०१९ साली अमेरिकेतील संशोधक चॅड व्हॅन इडेकिंगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा नोकरीला लागण्यापूर्वीचा अनुभव आणि नव्या नोकरीतली कामगिरी यांचा संबंध अगदीच क्षीण आढळला. याचा अर्थ अनुभव निरुपयोगी असतो असा नाही. वर्षे मोजल्याने तो मोजला जात नाही, एवढाच आहे. 'ऑर्डर, स्टॉक किंवा डिस्पॅच यांपैकी एखादे काम स्वतः सांभाळलेले असावे' ही अट '३ ते ५ वर्षे' या अटीपेक्षा नेमकी आहे. मोघम अटींपेक्षा नेमक्या अटी लिहिल्या की पात्रता नसलेले लोक अर्ज करण्याचे टाळतात, हे १९८६ साली मेसन आणि बेल्ट यांच्या अभ्यासातही दिसून आले होते. पहिल्या दिवसापासून लागणाऱ्या गोष्टी एकीकडे आणि तुम्ही शिकवू शकाल अशा गोष्टी दुसरीकडे लिहिल्या, तर पहिली यादी तीन-चार ओळींच्या पुढे जाणार नाही, असा माझा अंदाज आहे. तुमचे स्टॉकचे सॉफ्टवेअर दुसऱ्या यादीत जाईल; आकडे न चुकता नोंदवण्याची सवय पहिल्या यादीत राहील.

वयाची अट आजच काढा. तिचा या कामाशी संबंध नाही. शिवाय अनेक देशांत भरतीत वय, लिंग किंवा वैवाहिक स्थिती यांवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे. अमेरिकेत वयाच्या बाबतीत असा कायदा १९६७ पासून आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी या कामात मुरलेली, लवकर नोकरी न बदलणारी माणसे पस्तिशीच्या पुढेच अधिक सापडतील.

जाहिरातीच्या भाषेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तिचा परिणाम आपल्या लक्षात न येता होत असतो. डॅनिएल गॉशे, जस्टिन फ्रीसन आणि आरन के या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्पर्धा, वर्चस्व, आक्रमकता सुचवणाऱ्या शब्दांनी भरलेल्या जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटल्याचे आढळले. ते काम आपल्याला येणार नाही असे त्यांना वाटत होते म्हणून नव्हे, तर तिथे आपण सामावले जाणार नाही असे वाटत होते म्हणून. मराठीत ही अडचण आणखी ठळक होते. 'काम करणारा', 'बंधन न पाळणारा' असे लिहिले की एकही शब्द आक्रमक नसताना वाक्य पुरुषाला उद्देशून होऊन बसते. त्यावर तिरपी रेघ मारून 'करणारा/करणारी' असे दर ओळीत लिहिण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे वाचणाऱ्याशी थेट बोलणे. 'तुम्ही ऑर्डर नोंदवाल, माल निघाला की ग्राहकाला कळवाल' अशा वाक्यांत स्त्री-पुरुष हा प्रश्नच येत नाही, आणि उमेदवार आपोआप स्वतःला त्या जागी उभे करून पाहतो.

'वेळेचे बंधन न पाळणारा' या शब्दांचा मात्र मला खरोखर खेद वाटला. तुम्हाला बहुधा एवढेच म्हणायचे असेल, की महिनाअखेरीस दोन-तीन दिवस उशीर होतो. वाचणाऱ्याला ते 'रोज रात्रीपर्यंत थांबावे लागेल' असे ऐकू येते. ज्यांच्यावर घरी लहान मुलांची किंवा आजारी माणसांची जबाबदारी आहे, अशी उत्तम माणसे तिथेच थांबतात. खरी वेळ लिहा. साडेनऊ ते सहा असेल तर तसे लिहा. महिन्याचे शेवटचे तीन दिवस आठ वाजतात असे असेल तर तेही लिहा, आणि त्या जादा वेळेचे पैसे किंवा बदली रजा मिळते का, तेही.

कामाचा कठीण भाग जाहिरातीत लिहिला तर लोक पळून जातील, ही भीती जुनी आहे. १९७३ साली जॉन वानस यांनी टेलिफोन ऑपरेटरच्या भरतीत याची परीक्षा घेतली. काही उमेदवारांना कामाची नेहमीची गुळगुळीत चित्रफीत दाखवली, तर काहींना कंटाळवाणा, जाचक भागही दाखवणारी. वास्तव पाहिलेल्यांच्या अपेक्षा जमिनीवर आल्या, पण नोकरी स्वीकारण्याचे त्यांचे प्रमाण फारसे घटले नाही, आणि पुढे नोकरी सोडण्याचा विचार त्यांच्यात कमी आढळला. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम माफक असल्याचे दिसले, पण त्याची दिशा तीच राहिली. तुमच्याकडून दोन माणसे ज्या कारणाने गेली, त्यावरचा याहून सरळ उपाय मला माहीत नाही.

मात्र याची दुसरी टोकाची तऱ्हाही टाळा. 'धोकादायक प्रवास, तुटपुंजा पगार, कडाक्याची थंडी' असे लिहिलेल्या, अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेच्या एका जाहिरातीची गोष्ट भरतीवरच्या व्याख्यानांत वारंवार सांगितली जाते. ती जाहिरात मूळ वृत्तपत्रात आजवर कोणालाही सापडलेली नाही. सुटे भाग पाठवण्याच्या कामाला अशी शौर्याची झालर लावायची गरजही नाही. कठीण भाग जेवढा आहे तेवढा, साध्या वाक्यात लिहावा.

तुमच्या जाहिरातीतली आणखी एक उणीव अशी, की तिच्यात फक्त मागण्या आहेत. उमेदवाराला काय मिळेल याबद्दल 'पगार योग्यतेनुसार' आणि 'सुवर्णसंधी' यांपलीकडे काही नाही. कॅनडातील एका अभियांत्रिकी सल्लागार कंपनीत झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे लक्षात घेण्याजोगा आहे. काही जाहिरातींत कंपनीला काय हवे यावर भर होता, काहींत उमेदवाराला काय मिळेल यावर. दुसऱ्या प्रकारच्या जाहिरातींना अधिक चांगल्या प्रतीचे अर्ज आले. चांगल्या माणसाला निवड करायला वाव असतो, त्यामुळे त्याला कारण द्यावे लागते. लहान कंपनीकडे देण्यासारखे पुष्कळ असते, फक्त ते 'कौटुंबिक वातावरण' अशा शब्दांत सांगू नये. इथे ऑर्डरपासून वसुलीपर्यंतचा सगळा व्यवहार एकाच जागी शिकायला मिळतो. पहिले सहा आठवडे गोदामातले अनुभवी सहकारी सोबत असतात. एखादी सुधारणा सुचवली तर निर्णय त्याच आठवड्यात होतो. यातले जे खरे असेल तेवढेच लिहा. एकच गोष्ट खरी असेल तर एकच लिहा.

आता पगार. माझे मत निःसंदिग्ध आहे : लिहावा. जगाचीही दिशा हीच आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जाहिरातीत पगार सांगणे २०२१ पासून बंधनकारक आहे, न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून आणि कॅलिफोर्नियात पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांसाठी २०२३ पासून. युरोपीय संघाने २०२३ साली संमत केलेल्या निर्देशानुसार उमेदवाराला पगाराची बोलणी होण्याआधी, उदाहरणार्थ जाहिरातीत किंवा मुलाखतीपूर्वी, सुरुवातीचा पगार किंवा त्याची मर्यादा सांगावी लागते आणि आधीचा पगार किती होता हे विचारता येत नाही. सदस्य देशांना आपापले कायदे त्याप्रमाणे करण्यासाठी जून २०२६ ची मुदत दिली होती. तुमच्यावर असा कायदा लागू असो वा नसो, व्यवहाराचे कारण पुरेसे आहे. पगार न लिहिल्याने ज्याला तो परवडणार नाही असा माणूस दोन मुलाखती देतो आणि शेवटच्या क्षणी नकार देतो. ज्याला तो उत्तम वाटला असता असा माणूस 'योग्यतेनुसार' याचा अर्थ 'कमी' असा घेऊन अर्जच करत नाही.

तुमच्या भागीदारांचे आक्षेप पत्रात आलेले नाहीत, पण ते बहुधा दोन असतील. पहिला, प्रतिस्पर्ध्यांना आपले आकडे कळतील. ते त्यांना आजही ठाऊक असतात, कारण माणसे एका कंपनीतून दुसरीकडे जातच असतात. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : सध्याच्या कर्मचाऱ्यांना नव्या माणसाचा पगार कळेल आणि नाराजी होईल. तसे होणार असेल, तर अडचण जाहिरातीची नाही, तुमच्या पगाररचनेची आहे, आणि नवा माणूस रुजू झाल्यावर ती काही आठवड्यांत उघड होईलच. आधी जुन्यांचे पगार न्याय्य करा, मग जाहिरात द्या. आकडा देताना किमान आणि कमाल यांत फार मोठे अंतर ठेवू नका. दुप्पट-तिप्पट फरक असलेली मर्यादा वाचून कोणालाच काही कळत नाही. आकडा हातात येणारा आहे की कपातीपूर्वीचा, आणि कोणत्या अनुभवाला वरचा आकडा मिळेल, हे एका वाक्यात लिहा. बोनस त्या आकड्यात मिसळू नका.

पदनाम साधे ठेवा. 'ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह' असे कोणी शोधत नाही. लोक जॉब पोर्टलवर 'डिस्पॅच' किंवा 'स्टोअर' असे टाकून शोधतात.

हे सगळे धरून मी तुमच्यासाठी एक मसुदा लिहिला आहे. मोकळ्या जागा तुम्ही भरा आणि जे तुमच्याकडे खरे नाही ते खोडा.

'ऑर्डर आणि डिस्पॅच समन्वयक. आम्ही कारखान्यांना यंत्रांचे सुटे भाग पुरवतो. आमच्याकडे अठरा जण काम करतात. या जागेवर तुम्ही फोन आणि ईमेलवर आलेल्या ऑर्डर नोंदवाल, गोदामात माल आहे की नाही हे नोंद आणि रॅक दोन्ही पाहून ठरवाल, चलन आणि बिल तयार कराल, ट्रान्सपोर्टरशी वेळ ठरवाल आणि माल पोहोचल्याची खात्री होईपर्यंत ग्राहकाच्या संपर्कात राहाल. रोज साधारण … ऑर्डर असतात. दुपारी चार ते साडेपाच ही वेळ सर्वांत धावपळीची असते. माल उशिरा जाणार असेल तर ग्राहकाने विचारण्याआधी तुम्हालाच तसे सांगावे लागते, आणि काही ग्राहक चिडून बोलतात. दिवसातला जवळपास निम्मा वेळ गोदामात उभ्याने जातो. आवश्यक : ऑर्डर, स्टॉक किंवा डिस्पॅच यांपैकी एखादे काम तुम्ही स्वतः सांभाळलेले असावे, एक्सेलमध्ये नोंदी ठेवता याव्यात, फोनवर स्पष्ट बोलता यावे. पदवीची अट नाही. आमचे सॉफ्टवेअर आणि सुट्या भागांची ओळख आम्ही शिकवतो. पहिले सहा आठवडे अनुभवी सहकारी सोबत असतात. वेळ साडेनऊ ते सहा, आठवड्याची सुटी ठरलेली. महिन्याचे शेवटचे तीन दिवस आठ वाजेपर्यंत थांबावे लागते. त्याचे पैसे वेगळे मिळतात. हातात येणारा मासिक पगार … ते …. डिस्पॅच आणि बिलिंग दोन्ही केलेले असल्यास वरचा आकडा. अर्जासोबत बायोडाटा आणि पुढील प्रश्नाचे पाच-सहा ओळींत उत्तर पाठवा : नोंदीत चार नग आहेत, रॅकवर तीन सापडतात, ग्राहकाला आज चार हवे आहेत आणि गाडी दीड तासाने सुटणार आहे. तुम्ही कोणत्या क्रमाने काय कराल? अंतिम तारीख … . एकच मुलाखत होईल आणि निवड झाली किंवा नाही, हे प्रत्येकाला … पर्यंत कळवू.'

या प्रश्नाचा मला फार भरवसा आहे. तो उत्तर द्यायला दहा मिनिटांचा आहे, त्यामुळे कोणावर अन्याय होत नाही. याहून मोठे काम फुकट करून मागू नये. तरीही एका बटणाने सर्वत्र अर्ज पाठवणारे इथे गळतील. उत्तरे वाचताना भाषेकडे आणि शुद्धलेखनाकडे लक्ष देऊ नका, क्रम पाहा. ग्राहकाला केव्हा आणि काय सांगितले, चौथा नग आधी शोधला का, नोंद दुरुस्त करायची आठवण राहिली का, एवढेच पाहा. काही उत्तरे एआयकडून लिहून घेतलेली असतील. मुलाखतीत हाच प्रसंग थोडा बदलून तोंडी विचारला, की कोणाला हे काम आतून माहीत आहे ते कळते. आणि एआयचा विषय निघालाच आहे म्हणून तुम्हालाही सांगते, की जाहिरात त्याच्याकडून लिहून घेतली तर मजकूर सफाईदार होईल, पण साडेपाचची गाडी त्यात येणार नाही. ती माहिती फक्त तुमच्याकडे आहे.

मसुदा तयार झाला की गोदामातल्या सहकाऱ्यांना वाचायला द्या आणि खरे नसलेल्या प्रत्येक ओळीखाली रेघ मारायला सांगा. त्यानंतर जाहिरात पोर्टलवर टाका. त्याआधी तुमच्या ट्रान्सपोर्टरना आणि ओळखीच्या पुरवठादारांनाही पाठवा, कारण हे काम नीट करणारी माणसे त्यांना रोज भेटत असतात.

अर्ज या वेळी कमी येतील, आणि पहिल्या आठवड्यात तुमचे भागीदार त्याबद्दल नक्की बोलतील. तेव्हा त्यांच्यासमोर दोन आकडे ठेवा : एकूण अर्ज किती, आणि त्यांपैकी प्रत्यक्ष भेटावेसे वाटणारे किती. मागच्या तीन जाहिरातींचे हेच आकडे आठवून शेजारी लिहा. दोन आठवड्यांनंतरही भेटण्याजोगे अर्ज मिळाले नाहीत, तर कठीण भाग खोडून मजकूर गोड करू नका. आधी पगार तपासा, मग महिनाअखेरच्या उशिराची व्यवस्था बदलता येते का पाहा, आणि त्यानंतर आवश्यक अटींतली एक अट शिकवण्याच्या यादीत हलवा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशामुळे फरक पडला ते तुम्हाला कळेल.